मांजरपाटावरचा कॅनडा

मागच्या रविवारी तुमचे बाबा कॅनडाच्या नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करत होते आणि सई त्यांना प्रश्न विचारत होती. फोन टेबलावर चालू ठेवून तुम्ही मला विसरून गेला होतात. तुमच्याकडे सकाळ होती, इकडे परभणीत दिवेलागण. मी सुपात तूर घेऊन खडे वेचत ऐकत बसले होते.

"गवताळ मैदानांचे प्रांत कोणते?" सईने विचारलं. बाबा अडखळले. मी इकडून म्हणाले, "मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा. पूर्वेकडून पश्चिमेकडे."

मग ओम हसायला लागला. सईने मलाच विचारायला सुरुवात केली. निकेल कुठे सापडतं, कागद कशापासून करतात, फ्रेंच बोलणारे लोक मुख्यतः कोणत्या प्रांतात राहतात. मी सांगत गेले. एकाच ठिकाणी चुकले, प्रांत नऊ म्हणाले. सईने दुरुस्त केलं, दहा. मी शिकले तेव्हा नऊच होते, न्यूफाउंडलंड नंतर सामील झालं.

"पण आजी, तू तर इथे कधी आलीच नाहीस. तुला हे सगळं कोणी शिकवलं?"

साधा प्रश्न होता. "असंच, पुस्तकात होतं," म्हणाले, दूध उतू जातंय असं सांगितलं आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलांनी अर्धवट उत्तर दिलं की मी अर्धेच गुण देत असे. सईला मी अर्धंसुद्धा दिलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. क्रमाने सांगण्याचा प्रयत्न करते, पण हा क्रम माझ्या डोक्यात कधीच नीट लागलेला नाही.

दरवर्षी फाल्गुनात आमच्या गल्लीत मुलांचे पाठांतराचे आवाज सुरू होतात. कोणी खिडकीत बसून नद्या घोकतो, कोणी गच्चीवर फेऱ्या मारत सनावळ्या. लोकांना वाटतं, बाईंना हे ऐकून बरं वाटत असेल. मला मात्र ते ऐकवत नाही. एखादं मूल एकसुरात, न थांबता देशांची नावं म्हणू लागलं की मला उठून जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो. इतक्या वर्षांत हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आम्ही तेव्हा सेलूला राहत होतो. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. शेवटचं आहे हे अर्थात तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. मी तेरा वर्षांची होते. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, कापसाचे आडते होते. खेड्यांतून गाड्या भरून कापूस यायचा, तो अप्पांच्या दुकानावरून विकला जायचा, जिनात सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधून रेल्वेने जायच्या. हंगामात सेलूच्या हवेतच रुई असायची. भाकरीवर, केसांत, देवळाच्या घंटेवर, सगळीकडे पांढरा भुरा. ते वर्ष मात्र वेगळं होतं. सरहद्दीवर नाकेबंदी झाली होती. मीठ मिळत नव्हतं, रॉकेल मिळत नव्हतं. आई उजेड असतानाच जेवायला वाढायची आणि मग दाराला आडणा लावायची.

शाळा बंद पडली होती. तिथले भूगोलाचे गुरुजी वालूरचे होते, तिथे त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती, घरी म्हातारी आई होती. आठवड्यातून दोनदा ते मिळेल त्या बैलगाडीने सेलूला यायचे आणि मला शिकवायचे. मी घरून अभ्यास करून मिडल स्कूलच्या परीक्षेला बसावं, अशी अप्पांची इच्छा होती. आईची नव्हती, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

गुरुजींकडे एक इंग्रजी पुस्तक होतं, पुठ्ठा निघालेलं. त्यातल्या कॅनडाच्या धड्यातलं नकाशाचं पान कोणीतरी फाडून नेलं होतं. गुरुजी म्हणाले, "नकाशा नसेल तर आपण करू." त्यांनी चुलीतली राख जमिनीवर पसरली आणि बोटाने कॅनडा काढला. वर फाटक्या कापडासारखा उत्तरेचा किनारा, मधोमध हडसनचा उपसागर, खाली सरळ रेघ. मी तो पाटीवर उतरवला, पाटीवरून मांजरपाटाच्या तुकड्यावर. आईने कापडाला खळ लावून दिली. गव्हाच्या प्रदेशाला हळद, तळ्यांना नीळ, जंगलांना कोळसा, आणि एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या रेल्वेला कुंकू. माझी नखं कितीतरी दिवस पिवळी होती.

आता खुणा. धड्यात लिहिलं होतं, नकाशात पिकांना आणि मालाला वेगवेगळी चिन्हं द्यावीत. माझ्या हाताशी चिन्हं होतीच. सेलूतल्या प्रत्येक व्यापाऱ्याची गाठींवर मारायची एक निशाणी असायची, पत्र्यात कापलेली. एकाचं कमळ, एकाचे दोन मासे, एकाचा घोडा, एकाचं झाड. जुने झालेले पत्रे अप्पांच्या दुकानात मागच्या खोलीत पडलेले असायचे. मी ते घरी आणले. जिथे मासेमारी तिथे दोन मासे छापले, लाकडाला झाड, गव्हाच्या कोठारांना कमळ, खाणींना घोडा. आडत्याच्या मुलीला यात वावगं काय वाटणार? माल आला की निशाणी आली, हेच मी जन्मापासून पाहत होते. गुरुजींनी पाहिलं, हसले, आणि ठीक आहे म्हणाले. अप्पा तर खूश झाले.

"दोन मासेवाल्यांचा माल पार कॅनडाला पोचला म्हनायचा," ते म्हणाले.

आई भाकरी थापत होती. "तुमच्या त्या कॅनडात लय गहू हाय म्हनं. थोडा इकडं धाडा म्हनावं."

"तिकडं बर्फ पडायलाय. हिवाळ्यात नदी गोठती, बंदर बंद असतंय," मी सांगितलं.

"आपलंबी बंदच हाय की. मीठ तरी मिळतंय का त्या कॅनडात?"

"मिळतंय," मी म्हणाले. खरं तर धड्यात मिठाचं काही नव्हतं.

कॅनडाचं सगळ्यात नवल मला त्या दोन भाषांचं वाटायचं. गुरुजी सांगायचे, तिथे इंग्रजी बोलणारे आहेत आणि फ्रेंच बोलणारे आहेत, आणि नोटेवर दोन्ही भाषा छापलेल्या असतात. अप्पा शेजारी बसून ऐकत असायचे. ते म्हणाले, "आपल्या निजामाच्या नोटेवरबी मराठी हाय की, गुरुजी. नोटेवर हाय, कचेरीत न्हाई." गुरुजी हसले नाहीत. दाराकडे पाहिलं आणि पुढचा परिच्छेद वाचायला लागले. त्या दिवसांत दाराकडे पाहायची सगळ्यांनाच सवय लागली होती. वाक्य तोंडातून निघायचं आणि डोळे दाराकडे जायचे.

देश एवढा मोठा, आणि माणसं मात्र निजामाच्या राज्यात होती त्याहूनही कमी. मी रिकाम्या जागेचा विचार करत राहायची. मैलोन्‌मैल गहू, आणि कोणी नाही. कोणी नाही म्हणजे दार वाजवायलाही कोणी नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपलं घर लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करायची, ती झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आणि पूजेला बसताना सगळ्यात आधी गुरूचं नाव घ्यायचं, मोठ्याने, गावासकट. अमुक गावचे अमुक गुरू, त्यांना नमस्कार. मग डोळे मिटायचे. गुरुजींच्या पहिल्याच तासाला मी धडा म्हणायला उभी राहिले आणि सवयीने तसंच केलं. डोळे मिटून त्यांचं नाव घेतलं, वालूर म्हणाले, नमस्कार म्हणाले, आणि मग धडा. ते संकोचले. "अगं, मी पगारी मास्तर. मी कसला गुरू?" अप्पा म्हणाले, "शिकवतो तो गुरू. म्हनू द्या तिला." तेव्हापासून माझा प्रत्येक धडा त्यांच्या नावाने सुरू व्हायचा. नाव आणि धडा माझ्या तोंडात एकच होऊन गेले होते.

श्रावणातल्या एका दुपारी आमच्या घराची झडती झाली. पोलीस होते आणि त्यांच्याबरोबर बंदुका घेतलेले खाकीतले लोक होते. सरहद्दीपलीकडच्या लोकांना कोण व्यापारी मदत करतो, याचा शोध चालला होता. त्याआधी आमच्या ओळीतल्या तीन घरांची झाली होती. त्यांनी कणग्यांत हात घातले, अंथरुणं झटकली, आईच्या पेटीतली लुगडी जमिनीवर टाकली. काही सापडलं नाही. ते निघाले होते. त्यांच्यातला शेवटचा माणूस आतल्या खोलीच्या दारातून वळता वळता थांबला.

भिंतीवर कॅनडा होता.

त्याने अमीनसाहेबांना हाक मारली. अमीन म्हणजे तेव्हाचे पोलीस अधिकारी. ते नकाशासमोर उभे राहिले. लाल रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "ये पटरी है." मग बोट दोन माशांवर आलं. "ये निशान किसका है?"

अप्पांनी खरं ते सांगितलं. सेलूतल्या एका व्यापाऱ्याची निशाणी.

"और ये कमल? ये घोडा?"

तेही सेलूतलेच.

"तो सेलू के बेपारी पटरी के बाजू में क्या कर रहे हैं?"

लेकीचा अभ्यास आहे, असं अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. पोलिसांनी नकाशा भिंतीवरून उतरवला, घडी घातली, आणि अप्पांना घेऊन गेले. मी दाराच्या आड उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही. माझी हळदीची नखं मी परकराच्या ओच्यात लपवली होती.

रेल्वे उखडायचा बेत आणि त्यात कोण कोण व्यापारी आहेत त्याची यादी, असा त्या नकाशाचा अर्थ त्यांनी लावला होता. त्या काळात असल्या संशयावरून नेलेली सगळी माणसं परत येत नव्हती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्या संध्याकाळी शेजारचं कोणीही आमच्या घरी आलं नाही, त्यावरून मला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "ऊठ. तू काढलाय ना तो नकाशा, तूच सांग त्यांला." आईने तोवर एकटीने कधी बाजारसुद्धा ओलांडला नव्हता. तिने डोक्यावर पदर घेतला, माझा हात धरला आणि आम्ही ठाण्यावर गेलो. रस्ता चिखलाचा होता. ती मलाच सारखी म्हणत होती, "भिऊ नको. नीट चाल. भिऊ नको."

अप्पा ठाण्याच्या ओसरीवर जमिनीवर बसले होते. अंघोळ नाही, पूजा नाही, म्हणून त्यांनी आदल्या दुपारपासून पाणी घेतलं नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. सदऱ्याच्या आत लिंग होतं तिथे एक हात धरून बसले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली, येऊ नको अशी. पण मी आलेच होते.

अमीनसाहेब खुर्चीवर, आणि शेजारी बैठ्या मेजामागे पेशकार, म्हणजे लिहून घेणारे कारकून. पांढरी दाढी, जाड चष्मा. ते आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मेजावर माझा नकाशा उलगडलेला होता, घडीवर कुंकू फिसकटून हळदीत गेलं होतं.

"किस मुलुक का नक्शा है ये?"

"कनाडा का, साहब."

"झूट नक्को बोल."

"सच है. मेरेकू पूरा याद है."

अमीनसाहेबांनी पेशकारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना गंमत वाटली असावी. "अच्छा? तो बोल."

मी उभी राहिले. पाय जुळवले, हात जोडले, डोळे मिटले. तुम्हाला वाटेल, मी घाबरले होते म्हणून तसं झालं. तसं नाही. डोळे मिटल्यावर माझी भीती गेली होती. मी घरात होते, समोर राखेचा कॅनडा होता, आणि धडा म्हणायचा होता. मी नेहमीसारखी सुरुवात केली.

गुरुजींचं नाव, वालूर, नमस्कार.

शेजारी टाक कागदावर टेकल्याचा आवाज आला.

मी थांबले नाही. मला कळलंच नव्हतं. प्रांत नऊ, त्यांची नावं. पूर्वेला मासेमारी, मध्ये गहू, पश्चिमेला लाकूड. राजधानी ओटावा. भाषा दोन. मी उर्दूत म्हणत होते, अडलं तर इंग्रजीत, आणि एका ठिकाणी मराठीत. दक्षिणेला अमेरिकेशी सरहद्द, ती जगात सगळ्यात लांब, आणि तिच्यावर फौज नाही.

"फौज नहीं?" अमीनसाहेब म्हणाले.

मी डोळे उघडले. "नहीं साहब."

"सरहद है और फौज नहीं. ऐसा कौनसा मुलुक होता है?" ते मोठ्याने हसले. दारातले बंदूकवालेही हसले.

पेशकार खाली नकाशाकडे पाहत होते. "सही है साहब," ते हळू आवाजात म्हणाले. "हमने भी पढा था. ये कनाडाच है. बच्ची ने घर में जो छापे पडे थे वो लगा दिये."

तेव्हा माझं लक्ष अप्पांकडे गेलं. मी काय बोलून बसले ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. पेशकारांच्या हातात टाक होता आणि समोर कागद होता. कागदावर त्यांचा दुसरा हात आडवा होता. त्यावर काही लिहिलंय की नाही ते मला दिसलं नाही.

दुपारी अप्पांना सोडलं. नकाशा ठेवून घेतला. घरी येताना जिनाच्या बंद फाटकापाशी अप्पा थांबले. मग म्हणाले, "लय चांगलं म्हनलीस." आणखी थोडं चालल्यावर, अगदी हळू, "पर नाव कामून घेतलंस गं?"

"सवयीनं," मी म्हणाले.

"हां," ते म्हणाले. पुन्हा आयुष्यात त्यांनी त्याबद्दल विचारलं नाही.

कोणी मला विचारलं नव्हतं, हे लक्षात घ्या. तुला कोणी शिकवलं, असा प्रश्न त्या ठाण्यात कोणीही केला नाही. मी न विचारता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी वालूरकडे जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर गुरुजींना निरोप धाडला, पाऊस येणार आहे, कापूस आत घ्या. श्रावणात कोणाच्या घरी कापूस असतो? गुरुजींना अर्थ कळला असता. गाडीवान चार दिवसांनी आला. गुरुजी घरी नव्हते. म्हातारी दारात बसून होती, कुठे गेला म्हणून विचारलं तर नुसती बघत राहिली. घरातली पुस्तकं अंगणात पडली होती, भिजून फुगलेली. ती झडतीवाल्यांनी फेकली की आणखी कोणी, ते गाडीवानाला माहीत नव्हतं. गुरुजी आधीच निघून गेले होते की त्यांना नेलं होतं, तेही नाही.

त्या हंगामाबद्दल विचाराल तर मला पुढचे तीन आठवडे आठवतात, बाकी सगळं त्यांच्या कडेला आहे. ओल्या काळ्या मातीचा वास आणि त्यात भिजलेल्या कागदाचा वास, जो मी प्रत्यक्षात घेतलाच नव्हता. रेल्वेची शिट्टी झाली की मी मोजायची, गाडी किती वेळ थांबते. जास्त थांबली की कोणाला तरी उतरवलंय. रस्त्याने टाचांचा आवाज आला की आई चुलीवरचं भांडं उतरवून ठेवायची, जणू घर सोडून जायची वेळ आली तर भात करपू नये. श्रावणी सोमवारी देवळात जाणं बंद झालं. मी लिंग तळहातावर घ्यायची आणि गुरूचं नाव घ्यायची वेळ आली की ओठ मिटून घ्यायची.

मी कॅनडा विसरायचा प्रयत्न केला. खरंच केला. मला वाटायचं, माझ्या डोक्यात तो देश उरला नाही तर मी तो ठाण्यात म्हटला, हेही उरणार नाही. रोज एक तळं पुसायची. आज ओंटारिओ नाही. आज ईरी नाही. आईच्या नकळत नखं विटेच्या तुकड्याने घासायची, पिवळं निघून गेलं होतं तरी. दुसऱ्या दिवशी उठलं की सगळी तळी जागच्या जागी असायची. पाठांतर चांगलं असणं ही चांगली गोष्ट आहे, असं मी पुढे तीस वर्षं मुलांना सांगितलं. सांगताना मला ते खरं वाटत नसे.

एकदा मी आईला विचारलं, "गुरुजींला काय झालं असंल?"

आई सूप खाली न ठेवता म्हणाली, "मला काय ठाव? तुझ्या बापाला वाचवलंस तू. तेवढं बघ." मग सूप ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं. तीही तेवढंच बघत नव्हती.

भाद्रपदात भारताची फौज आली आणि थोड्याच दिवसांत राज्य बदललं. लोक रस्त्यावर आले, गुलाल उधळला गेला. आमच्या आळीत दारं उघडली आणि मागच्या गल्लीतली बंद झाली. भीती नाहीशी झाली असं मला त्या दिवशी वाटलं नाही. तिने घर बदललं होतं.

तेव्हा मी एक गोष्ट केली. मी पेशकारांच्या घरी गेले, एकटी, कोणाला न सांगता. मला फक्त विचारायचं होतं की ते नाव तुम्ही लिहिलं का. लिहिलं नसेल तर मी सुटले. मी कडी वाजवली. आत कोणीतरी दिवा बाजूला सरकवला. पुन्हा वाजवली. दाराला अगदी लागून एका बाईचा आवाज आला, "कोई नहीं है. घर में कोई नहीं है."

तो आवाज मला ओळखीचा होता. झडतीच्या दिवशी आई तशाच आवाजात बोलली होती. मी परत आले. माझ्या हातून त्या दिवशी कडी दोनदा वाजली, याचंही मला वाईट वाटतं. आठवड्याभरात ते कुटुंब हैदराबादकडे निघून गेलं. जे एकट्या पेशकारांनाच माहीत होतं ते त्यांच्याबरोबर गेलं.

गुरुजी कार्तिकात आले. जिन सुरू झालं होतं, हवेत रुई होती. मी ओसरीवर होते, एक वाळलेला माणूस फाटकाशी उभा राहिला आणि मला आधी कोणी मागणारा वाटला. अप्पा धावत गेले. "शरणार्थ, गुरुजी," असा आपल्या लिंगायतांतला नमस्कार करून त्यांना हाताला धरून ओसरीवर घेऊन आले.

गुरुजींना बोरी गावात पकडलं होतं, बहिणीच्या घरी. तुरुंगात ठेवलं होतं. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नव्हतं. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि आईने आणलेल्या दुधाकडे बघत बसले. बोरीचा पत्ता कोणाकडून लागला, कोणत्या गावच्या कागदावरून त्यांचा शोध सुरू झाला, हे अप्पांनी विचारलं नाही. मीही नाही. नकाशाचं आणि ठाण्याचं काय झालं, ते अप्पांनी सांगितलं. माझ्या पाठांतराने सुटलो, एवढंच सांगितलं. सुरुवातीचं सांगितलं नाही. गुरुजी माझ्याकडे बघून हसले.

"म्हणजे पाठ आहे अजून," ते म्हणाले. उजवा कान माझ्याकडे येईल असे वळून बसले. "म्हण बघू."

मी उभी राहिले. पाय जुळवले, हात जोडले. डोळे मिटले नाहीत. म्हणाले, "कॅनडा हा उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातला..."

त्यांनी हात वर केला. "सुरुवात चुकली."

अप्पा जमिनीकडे पाहत होते.

"पुन्हा," गुरुजी म्हणाले.

मी तोंड उघडलं. नाव अगदी दातांच्या आत होतं. रुईचा एक पुंजका त्यांच्या खांद्यावर येऊन बसला, तो मी पाहत राहिले. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग दुधाचा पेला उचलून म्हणाले, "बरं. चल पुढे."

त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. माझ्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या. ते गेले तेव्हा मी वालूरला जाऊन आले. इतक्या वर्षांत त्यांना सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे मला समजलं नाही. त्या कार्तिकानंतर मी त्यांना फक्त गुरुजी म्हणत आले, त्यांच्या तोंडावरही आणि पाठीमागेही. सईची नजर बारीक आहे, तिच्या एव्हाना लक्षात आलं असेल, वरच्या इतक्या पानांतही मी त्यांना दुसऱ्या कशाने हाक मारलेली नाही. लिहितानासुद्धा हात तिथे आला की मी दाराकडे बघत होते. दार उघडंच आहे. बाहेर शेजारचा मुलगा नद्या घोकतो आहे.

बाबांची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. त्यांना म्हणावं, सरहद्दीवर प्रश्न आला तर सावकाश उत्तर द्या, ते खरं आहे असं वाटायला वेळ लागतो. आणि सई, तू मला विचारलं होतंस, कोणी शिकवलं. तुझं उत्तर राहिलं होतं. उभी राहून, पहिल्यापासून सांगते.

वालूरचे महालिंग गुरुजी यांना नमस्कार.

कॅनडा हा उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातला एक मोठा देश आहे.